पत्ता बरोबर आहे, असं मी लिहिलं होतं

आमच्या घरात मला ‘चौकशीची खिडकी’ म्हणतात. कुणाचा नंबर बदलला, कुणी बिऱ्हाड हलवलं, कुठल्या दुकानाची पाटी उतरली, हे मला माहीत नसलं तर जेवण गोड लागत नाही. गॅस बंद केला का हे मी तीनदा बघते, कडी लावली का हे दोनदा. नवऱ्याच्या मते हा आजार आहे. मला वाटतं माझ्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच आहे, आणि त्याच्याच जोरावर मला यादीचं काम मिळालं.

यादी म्हणजे काय ते सांगते. जगभरातली पुष्कळ माणसं मिळून एक मोठं सॉफ्टवेअर बनवतात. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही, कुणीही उचलावं, वापरावं, सुधारावं. डेअरीतल्या टाक्या, शीतगृहं, पाण्याचे पंप अशा ठिकाणच्या यंत्रांत ते बसवलेलं असतं. त्याचे शेकडो भाग आहेत आणि प्रत्येक भाग सांभाळणारा एखादा माणूस असतो, त्याला मेन्टेनर म्हणतात. कुठला भाग कुणाकडे आणि त्याचा ई-मेल पत्ता काय, हे एका लांबलचक साध्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. कुणाला चूक सापडली की तो फाइल उघडतो, पत्ता बघतो आणि त्या माणसाला कळवतो. पत्ता शिळा झाला असेल तर ती चूक कुणाच्याच कानावर जात नाही. ही फाइल ताजी ठेवायचं काम गेली काही वर्षं मी पेणमध्ये माझ्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून करते. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, हे हौसेचं.

सासूबाईंना ही हौस कधी पटली नाही. त्या खारेपाटातल्या, माहेर-सासर दोन्हीकडे मिठागर. उन्हातान्हात मीठ ओढलेल्या बाईला बसून केलेलं काम कामच वाटत नाही.

“कोनाचा पत्ता बदलला नि कोनाचा नाय, तुला काय परलंय गो?” त्या विचारतात.

“पत्र परत येतं मग, आई.”

“येऊंदे. मानूस मेला असंल.”

त्यांचं बोलणं पुष्कळदा खरं निघतं, हाच त्रास आहे.

माझी पद्धत अशी. वर्षातून एकदा यादीतल्या प्रत्येकाला मेल टाकायचा: हा पत्ता चालू आहे ना, हा भाग अजून तुम्हीच बघता ना. काहींची उत्तरं येतात. काही मेल ‘असा पत्ता नाही’ म्हणून परत येतात. उरलेले नुसते गप्प बसतात, आणि त्या गप्प बसणाऱ्यांनी मला नेहमी पिडलं आहे. उत्तर आलं की नावापुढे मी ‘तपासला’ अशी नोंद करते. ती नोंद करताना मला जे बरं वाटतं ते नवऱ्याला सांगितलं तर तो डॉक्टरकडे नेईल.

गेल्या थंडीत एका सकाळी त्या नोंदीनंच माझा घात केला.

दूरदेशीच्या एका विद्यार्थिनीला एका भागाचा कोड वाचताना गंभीर चूक सापडली होती. तो भाग एका जुन्या जातीच्या मीटरशी बोलतो आणि टाकीत किती माल आहे ते पडद्यावर दाखवतो. मीटर मध्येच बंद पडला तर पडद्यावर ‘बंद’ असं दिसायला हवं. तसं न होता शेवटचा आकडा तिथेच राहत होता, जणू आत्ताच मोजलाय. टाकी भरून वाहिली तरी आकडा जागचा हलणार नाही. वाईट म्हणजे बाहेरच्या कुणाला मुद्दाम तो मीटर गप्प करता येत होता. तिनं रीतसर यादीतल्या पत्त्यावर कळवलं. आमचा नियम असा की मेन्टेनरला साठ दिवस द्यायचे, तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर चूक सगळ्या जगाला उघड सांगायची, म्हणजे वापरणारे निदान सावध होतील. एकावन्न दिवस झाले, मेन्टेनरचं उत्तर नव्हतं. मग तिनं वरच्या लोकांना विचारलं, त्यांनी फाइल उघडली. नावापुढे ‘तपासला’ आणि माझी आद्याक्षरं.

मला आलेल्या मेलमध्ये एकच ओळ होती. हा पत्ता तू तपासला होतास ना?

मी माझे जुने मेल उघडले. मेन्टेनरचं उत्तर होतं की. ‘आपला मेल मिळाला. आभारी आहोत.’ मला हायसं वाटलं, आणि मग मी दोन्ही मेलच्या वेळा पाहिल्या. माझा मेल गेला त्याच मिनिटाला उत्तर आलं होतं. ‘आहोत’. एकट्या माणसानं स्वतःला ‘आम्ही’ कशाला म्हणावं? ते कंपनीच्या यंत्रानं आपोआप पाठवलेलं उत्तर होतं. माणूस केव्हाच तिथून गेला असणार, मेलची पेटी तेवढी उघडी राहिली होती आणि येईल त्याला आभार मानत होती. मी त्या आभारांवर विसंबून नोंद केली होती. सासूबाईंनी समोर ठेवलेला चहा निवून गेला तरी मला कळलं नाही.

नऊ दिवस राहिले होते. तो मीटर आता बनत नाही, आमच्यात त्या मेन्टेनरशिवाय कुणाकडे नाही, त्यामुळे दुरुस्ती केली तरी तपासणार कशावर? नऊ दिवसांनी चूक जगजाहीर होणार होती आणि दुरुस्ती नसल्यामुळे तो अख्खा भाग काढून टाकला जाणार होता. त्या माणसानं एकट्यानं बारा-तेरा वर्षं सांभाळलेलं काम, त्याच्या नावासकट. आणि ज्या टाक्यांवर ते आधीच बसलंय तिथे ते तसंच राहणार होतं.

मी जुन्या चर्चा चाळल्या. त्यांचं नाव घालून शोधलं, कंपनीचा पत्ता घालून शोधलं, नवं काहीच मिळालं नाही. मात्र बऱ्याच वर्षांपूर्वीचा त्यांचा एक मेल सापडला, उशिराबद्दल माफी मागणारा. रोह्यात वीज नव्हती, शेजारच्या अष्टमी गावात माझ्या घराजवळच्या पुलाचं काम चाललं आहे, असं त्यात होतं. तो मेल आला तेव्हा मला फार गंमत वाटली होती. एवढ्या मोठ्या जगातला हा मनुष्य आमच्याच रेल्वेलाइनवर राहतो. भेटायला मात्र मी कधी गेले नाही. काय बोलणार, म्हणून. आता जाणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची रोह्याची गाडी धरली. सासूबाईंनी दारात विचारलं, “नाय सापरला तं?” मी म्हटलं, सापडेल. “आनि मेला असंल तं?” मी चपला घातल्या.

गाडी रिकामी होती. कासूला थांबली तेव्हा दोन बाया भाजीच्या पाट्या घेऊन चढल्या आणि माझ्याकडे पाहून जरा लांबच बसल्या. माझा चेहराच तसा झाला असावा. खरं ते लिहिते. कासू ते नागोठणे मी मनात सांत्वनाची वाक्यं जुळवत होते, आणि जुळवता जुळवता वाटून गेलं की ते गेलेच असतील तर बरं, म्हणजे माझी चूक एवढी मोठी दिसणार नाही. हा विचार माझाच आहे हे लक्षात आल्यावर मला स्वतःची किळस आली. उरलेला रस्ता मी बाहेर बघत काढला, पण काय दिसलं ते आठवत नाही.

अष्टमीला पुलाजवळ रिक्षातून उतरले. मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका दुकानात त्यांचं नाव सांगून विचारलं, कंपनीत मीटरचं काम करणारे, आता बहुधा रिटायर झालेले, ते इथेच राहतात का? दुकानदारानं तारेची गुंडाळी खाली ठेवली.

“कंपनीतून आलाव का?”

“नाही, पेणहून.”

“मग सांगतो. मागल्या आळीत, निळा गेट. पन कंपनीचं नाव काढू नका, दिवसभर सोरत नाय.”

मग ते आहेत, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. मी त्याचे आभार मानायलाही विसरले.

निळ्या गेटच्या आत ओटीवर एक बाई मोड आलेले वाल सोलत बसली होती. “कोन हाय?” तिनं हात न थांबवता विचारलं. मी माझं नाव सांगितलं, कुणाकडे आले ते सांगितलं. तिनं आत हाक मारली आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले, खिशाला पेन लावलेले एक गृहस्थ बाहेर आले. घरातही खिशाला पेन.

आमच्या प्रोजेक्टमध्ये सगळे एकमेकांना नुसत्या नावानं लिहितात, वय नाही, मान नाही. या माणसाला मी कित्येक वर्षं एकेरी नावानं लिहीत आले होते. दारात उभी राहिले आणि तोंडातून आलं, “काका, मी पेणची यादीवाली.”

ते हसले नाहीत. बायकोला म्हणाले, “चहा टाक गो. पेनच्या मॅडम आल्यात.” आणि मला खुर्ची दिली.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ती विद्यार्थिनी, ती चूक, आता आठच दिवस, कंपनीची उघडी राहिलेली पेटी, माझी नोंद. मला वाटलं रागावतील, किंवा घाबरतील. ते मुळी दचकलेही नाहीत.

“तो व्हय,” ते म्हणाले. “आकडा अडकतो तो. ते मी कळवलं व्हतं तुम्हाला.”

“मला?”

“तुम्हालाच.”

मी म्हटलं, शक्य नाही, मी सगळं शोधलं. हे मी अगदी ठासून म्हटलं, ते आठवून अजून कानकोंडं होतं.

ते आत जाऊन फोन घेऊन आले. हकिगत त्यांनी सावकाश सांगितली. रिटायर झाल्यावर कंपनीचा लॅपटॉप परत करावा लागला, पत्ताही गेला. घरी हा फोनच. जावयानं त्यावर मेल चालू करून दिला तो नातीच्या नावानं. त्या नव्या पत्त्यावरून त्यांनी आमच्या सामायिक पेटीला लिहिलं, माझा पत्ता बदला. तिथे दारावरच अडलं. आमची पेटी फक्त साधा मजकूर घेते, आणि फोनवरून येणाऱ्या मेलमध्ये रंग-अक्षरांची जी सजावट आपोआप मिसळते ती दिसली की पेटी तो फेकून देते. हा नियम मला ठाऊक आहे, त्याच्या बाजूनं मी भांडलेही आहे. मग त्यांनी थेट मला लिहिलं.

“हे बघा.”

फोनच्या पडद्यावर माझं उत्तर होतं, माझ्या नावासकट. ‘आपल्या मेलबद्दल आभार. यादीतला बदल कृपया दुरुस्तीच्या ठरलेल्या नमुन्यात, साध्या मजकुरात, सामायिक पेटीकडे पाठवावा.’ हे उत्तर मी लिहिलेलं नाही, म्हणजे एकदाच लिहिलेलं आहे. ते माझ्या कॉम्प्युटरवर तयार ठेवलेलं असतं आणि दोन कळा दाबल्या की उमटतं. नवखी माणसं काहीबाही मागतात, त्यांच्यासाठी. नाव ओळखीचं नव्हतं, पहिली ओळ वाचली असेन, ‘माझा पत्ता बदला’, आणि कळा दाबल्या असतील. तारीख पाहिली. वर्ष उलटून दोन महिने झाले होते. ‘तपासला’ ही नोंद मी त्यानंतर तीन महिन्यांनी केली होती.

म्हणजे त्यांचा नवा पत्ता इतके दिवस माझ्याच पाठवलेल्या मेलमध्ये पडला होता.

“खाली जा अजून,” ते म्हणाले.

माझ्या उत्तराखाली त्यांचा मूळ मेल जोडलेला होता. पहिली ओळ पत्त्याची. मग एक रिकामी ओळ, आणि मग: मीटर गप्प झाला तर शेवटचा आकडा तसाच राहतो, हे धोक्याचं आहे. दुरुस्ती तयार आहे, घरच्या मीटरवर तपासली आहे. पत्ता बदलला की पाठवतो. खाली नुसती आद्याक्षरं.

मी ते दोनदा वाचलं. ओटीवरून वालाच्या साली टाकल्याचा आवाज येत होता. मला त्या बाईंसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी उगाच फोनचा उजेड कमी-जास्त करत बसले.

“पण काका, दुरुस्ती तयार होती तर पाठवायची ना. पत्ता काय, मागाहून बदलला असता.” हे बोलतानाच मला कळत होतं की मी दोष थोडा तिकडे सरकवते आहे.

त्यांनी खिशातलं पेन काढून पुन्हा लावलं. “कंपनीत आमचं असं व्हतं. आधी परमिट, मग काम. परमिटवर सही नाय तर पाना हातात घ्यायचा नाय, मग वॉल्व गळूदे नायतर काय होऊदे. तुमच्या यादीत माझा चालू पत्ता नाय, तर मी कोण काम करनारा? मी सहीची वाट बघत व्हतो.”

वर्षभर. माझ्या सहीची.

“चला, आज करू,” ते म्हणाले आणि आतून एक कागद घेऊन आले. कंपनीतल्या जुन्या नोंद-यंत्राचा गोल कागद होता, ताटाएवढा. मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी बॉलपेननं दुरुस्ती लिहून ठेवली होती, सुबक अक्षरात. एका भाचीचा लॅपटॉप दोन दिवस मागून आणून ती तपासली होती आणि तो परत देण्याआधी कागदावर उतरवून घेतली होती. मी माझा लॅपटॉप टेबलावर उघडला. त्यांनी पलंगाखालून मीटर काढला, फडक्यानं पुसला, तारा जोडल्या. ते एकेक ओळ वाचत गेले, मी टाइप करत गेले. दोनदा माझं चुकलं. दोन्ही वेळा त्यांनी फक्त “परत” म्हटलं.

मग त्यांनी मीटरची तार उपटली. पडद्यावरचा आकडा गेला आणि ‘बंद’ आलं. तार जोडली, आकडा आला. पुन्हा उपटली. असं त्यांनी पाच-सहा वेळा केलं, आणि प्रत्येक वेळी बायकोला आतून बोलावून दाखवलं. “दिसलं,” ती म्हणत होती, “किती वेळा बघू?”

पाठवण्याआधी मी यादीची फाइल उघडली. पत्ता काढला, नवा घातला. ते माझ्या मागे उभे होते.

“आधी हेच ना?” मी विचारलं.

“आधी हेच,” ते म्हणाले.

मग दुरुस्ती पाठवली. सोबत वरच्या लोकांना मी माझं सगळं लिहिलं, ‘तपासला’ ही नोंद खोटी कशी ठरली ते, आणि चूक मला वर्षापूर्वीच कळवलेली होती तेही. ते लिहून संपतंय तोच काकांनी पुढ्यात वालाच्या बिरड्याचं ताट आणून ठेवलं, आणि जेवल्याशिवाय जायचं नाही असं त्यांच्या बायकोनं सांगितलं. जेवण होईतो विद्यार्थिनीचं उत्तर आलं होतं. दुरुस्ती वाचली, चूक गेली आहे, असं तिनं कळवलं होतं.

निघताना गेटपाशी मला राहवलं नाही. “काका, माझं ते उत्तर आलं तेव्हा परत दोन ओळी का नाही टाकल्यात? मी आहे, अमका, ओळखलं नाहीस का, एवढं जरी लिहिलं असतंत.”

त्यांनी माझ्यासाठी गेटची कडी काढली.

“मला वाटलं ते मशीनचं उत्तर हाय,” ते म्हणाले. “मशीनला काय परत लिवायचं, ताई?”

परतीच्या गाडीत मी ते दोन कळांचं उत्तर पुसून टाकलं. मग पाठवलेल्या मेलमध्ये ते शब्द घालून शोधलं. पानामागून पान येत गेलं. मी सगळ्यात जुन्यापासून सुरुवात केली, पण या वेळी खालपर्यंत जाऊन. पहिला मेल लिहिणारा म्हातारा होता की कोवळा पोरगा, कळत नव्हतं. त्यानं पत्त्याखाली लिहिलं होतं की त्याच्या भागात काहीतरी विचित्र दिसतंय, कुणाशी बोलू?

मी हातानं लिहिलं. तुमचा पूर्ण मेल मी आज वाचला, मी माणूस आहे, माझ्याशी बोला. माफी मागितली आणि पाठवलं.

गाडी कासूला थांबली होती तेवढ्यात फोन वाजला. मी घाईनं उघडला. माझाच मेल होता, परत आलेला. असा पत्ता आता नाही, असं त्यावर लिहिलं होतं.